किती टनाचा एसी? आधी लोड तर काढा

एसीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, खोली किती बाय किती? आणि उत्तरही ठरलेलं, एवढे फूट म्हणजे एक टन, तेवढे फूट म्हणजे दीड टन, झालं, विषय संपला. हा ठोकताळा अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, घाईत अंदाज बांधायला बरा आहे, पण त्यात एक मोठी गोम आहे. उष्णता आत येते ती काचेतून, छतातून, भिंतीतून, दाराखिडक्यांच्या फटींतून, आणि उरलेली आत बसलेली माणसं आणि चालू असलेली यंत्रं तयार करतात. आणि आपण मोजतो काय, तर फरशी.

लोड म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. खोली ठरलेल्या तापमानावर ठेवायची तर दर सेकंदाला किती उष्णता बाहेर काढावी लागेल, तो कूलिंग लोड, आणि थंडीत दर सेकंदाला किती उष्णता आत घालावी लागेल, तो हीटिंग लोड. दोन्ही वेग आहेत, म्हणून वॅटमध्ये मोजायचे. वर्षभरात वीज किती जळेल हा निराळा हिशोब आहे, त्याला लोकं सर्रास याच्यात मिसळतात. आणि टन म्हणाल तर ते बर्फाच्या जमान्यातलं माप, ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो तो वेग, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट किंवा ताशी १२,००० बीटीयू.

आता हीटिंग आधी घेऊ, कारण ते सोपंय. थंडीत सगळ्यात वाईट वेळ असते पहाटेची, सूर्य उगवायच्या आधीची. ऊन नाही, दिवे बंद, आणि डिझाइन करताना आत माणूस पण नाही असंच धरायचं, म्हणजे फुकटची मदत शून्य. रात्रभर बाहेर थंडच असतं त्यामुळे भिंतीतून उष्णता जवळपास एकाच वेगाने बाहेर चाललेली असते, मग एकच गुणाकार पुरतो, क्षेत्रफळ गुणिले यू व्हॅल्यू गुणिले आतबाहेरच्या तापमानातला फरक.

यू व्हॅल्यू म्हणजे, आतबाहेर १ डिग्रीचा फरक असेल तर १ चौरस मीटरमधून किती वॅट निसटतात तो आकडा. प्लास्टर केलेली २३० मिलीमीटरची विटांची भिंत असेल तर साधारण २, इन्सुलेशन नसलेला काँक्रीटचा स्लॅब साधारण ३, एकेरी काच ५.७ च्या आसपास. काचेचं गंमतीशीर आहे, काच स्वतः उष्णतेला जवळपास अडवतच नाही, जे काही अडतं ते काचेच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसलेल्या हवेच्या पातळ थरामुळे. म्हणून जाड काच बसवून काही हाती लागत नाही, दोन काचा आणि मध्ये हवेची फट असं केलं की मात्र आकडा एकदम २.८ च्या आसपास येतो, म्हणजे निम्मा.

एक खोली घेऊ, पुढे सगळीकडे हीच वापरणारे. ५ मीटर बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, वरचा मजला, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. पश्चिमेची ५ मीटरची भिंत तेवढी बाहेर उघडी, तिच्यात ३ चौरस मीटरची खिडकी, बाकीच्या तीन भिंतींपलीकडे आणि खालच्या मजल्यावर याच तापमानाच्या खोल्या, म्हणजे तिथून काही येत नाही काही जात नाही. बाहेर ० डिग्री, आत २१ हवेत.

भिंत खिडकी वजा जाता १२ चौरस मीटर, १२ गुणिले २ गुणिले २१ म्हणजे ५०४ वॅट. काच ३ गुणिले ५.७ गुणिले २१, ३५९ वॅट. स्लॅब २० गुणिले ३ गुणिले २१, तब्बल १२६० वॅट. फटींतून तासाला खोलीतली अर्धी हवा बदलते असं धरलं तर आणखी साधारण २१० वॅट. बेरीज २.३ किलोवॅटच्या जरा वर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त एकटा स्लॅब खातोय. या आकड्यांकडे बघितलं की हीटर मोठा घ्यायच्या आधी छताचं काहीतरी करावं हे वेगळं सांगायला नको, ५ सेंटीमीटर चांगला फोम टाकला तर स्लॅबचा यू ३ वरून ०.५ च्या आसपास येतो आणि ते १२६० वॅट २१० वर येतात.

या हिशोबात फसवणारी वस्तू एकच, ती म्हणजे फटी. भिंतीची जाडी टेपने मोजता येते, फटी कशा मोजणार? त्यासाठी दारात मोठा पंखा बसवून आतबाहेर ५० पास्कल दाबाचा फरक तयार करतात आणि किती हवा ढकलावी लागली ते बघतात, ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात त्याला. टेस्ट केली नसेल तर फटींचा आकडा हा अंदाजच असतो, कितीही पॉइंटनंतरचे आकडे लिहिले तरी.

आता कूलिंग. इथे खरी डोकेदुखी सुरू होते, कारण मध्ये सूर्य येतो, आणि सूर्य जागचा हलत असतो.

तीच खोली, बाहेर ३८, आत २५, म्हणजे फरक १३ चा. दुपारी चारची वेळ. काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकामुळे येतात साधारण २२० वॅट. पण त्याच काचेवर पश्चिमेचं ऊन पडतंय, चौरस मीटरला समजा ६०० वॅट, आणि साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते, म्हणजे ३ गुणिले ०.८ गुणिले ६००, १४४० वॅट. एकाच खिडकीचे दोन आकडे बघा, २२० आणि १४४०. म्हणून खिडकी विकत घेताना यू व्हॅल्यू एवढंच विचारून भागत नाही, ऊन किती टक्के आत सोडते तो आकडा, एसएचजीसी म्हणतात त्याला, तो पण विचारायचा. उन्हाच्या ठिकाणी मी तर तो आधी विचारेन. आणि पडद्याबद्दल, आतला पडदा ऊन अडवतो हे खरंय पण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता बरीचशी खोलीतच सोडतो. बाहेरून लावलेला चिक, झडप किंवा छज्जा ते ऊन काचेला लागूच देत नाही, त्यामुळे दोघांच्या परिणामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

छताचं पण तसंच. बाहेरची हवा ३८ असली तरी दिवसभर ऊन खाल्लेला गडद स्लॅब हवेपेक्षा कितीतरी गरम असतो, म्हणून तिथे हवेचं तापमान न धरता ऊन जमेस धरलेलं एक मानलेलं तापमान धरतात, सोल-एअर टेंपरेचर. आपल्या खोलीसाठी सगळं धरून फरक २५ डिग्रीचा पकडू, २० गुणिले ३ गुणिले २५, १५०० वॅट. भिंत साधारण ३१० वॅट, तिचं ऊन का धरलं नाही ते पुढे येईल. तीन माणसं, बसून काम करणारी, प्रत्येकी ७५ वॅट, म्हणून २२५. लॅपटॉप, दिवे, पंखा मिळून ३००, कारण खोलीत जी वीज वापरली जाते ती शेवटी उष्णताच होते, पंख्याची सुद्धा. फक्त यंत्राच्या प्लेटवरचे वॅट बेरजेला धरू नका, कॉम्प्युटरसारख्या वस्तू प्रत्यक्षात प्लेटवरच्यापेक्षा बऱ्याच कमी ओढतात आणि ऑफिसचे लोड फुगतात ते हमखास इथे. ताजी हवा सेकंदाला २५ लिटर आत घेतली तर ती २५ डिग्रीवर आणायला आणखी ३९० वॅट.

एकूण झाले साधारण ४४०० वॅट. पण हा फक्त तापमानाचा हिशोब झाला, दमटपणा राहिलाच.

दमटपणाचा लोड लोकं विसरतात कारण तो थर्मामीटरला दिसत नाही. हवेतली वाफ एसीच्या थंड कॉइलवर पाणी होऊन पडते, आणि १ किलो वाफेचं पाणी करायचं म्हणजे साधारण २४५० किलोज्यूल उष्णता काढायची. निवांत बसलेला माणूस सुद्धा श्वासातून आणि घामातून तासाला ८० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो, त्याचे ५५ वॅट, तिघांचे १६५. आणि ताजी हवा? बाहेर ३८ डिग्री आणि ४० टक्के आर्द्रता, आत २५ डिग्री आणि ५० टक्के. आकडे बघून वाटतं बाहेरच कोरडंय, पण गरम हवेच्या एकेका टक्क्यात वाफ कितीतरी जास्त असते, दर किलो हवेमागे बाहेर साधारण १७ ग्रॅम पाणी आणि आत हवंय १० ग्रॅम. तेवढ्या २५ लिटरमधून तासाला पाऊण लिटर पाणी आत येतं, त्याचे ५२५ वॅट. म्हणजे दमटपणाचे मिळून ६९०, आणि सगळ्याची बेरीज ५०८० वॅटच्या आसपास, १.४४ टन.

आता याच खोलीच्या वर एक एसीवाला मजला आहे असं समजा. स्लॅबचे १५०० गेले, राहिले ३५८०, म्हणजे १ टनाच्या जरा वर. खिडकीला बाहेरून चांगली सावली केली आणि उन्हातलं तीन चतुर्थांश अडवलं, आणखी १०८० गेले, राहिले २५००, म्हणजे ०.७१ टन. फरशी तेवढीच, २० चौरस मीटर, आणि लोड थेट निम्म्यावर. फुटावर टन सांगणाऱ्याकडे या तिन्ही खोल्यांना एकच उत्तर असतं.

इथपर्यंत आपण एक गोष्ट बिनधास्त गृहीत धरली, की चार वाजता जी उष्णता आत शिरली ती चार वाजताच एसीच्या गळ्यात पडली. असं होत नाही. एसी हवा थंड करतो, आणि ऊन हवेला तापवत नाही, ते काचेतून येऊन फरशीवर, टेबलावर, भिंतीवर पडतं, त्या वस्तू आधी तापतात आणि मग सावकाश हवेला उष्णता देतात. गॅस बंद केला तरी तवा बराच वेळ तापलेला असतो, तसं. म्हणून खोलीत शिरलेली उष्णता आणि त्या क्षणाचा कूलिंग लोड हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि या विषयातल्या निम्म्या भानगडी या एका फरकातून येतात. माझ्या काचेचे १४४० वॅट खरं तर चार वाजता पूर्ण मोजायचे नसतात, त्यातले काही चारला लागू होतात, काही पाचला, काही रात्री आठला, आणि दुपारी दोनच्या उन्हाचं देणं चारला फेडावं लागत असतं.

भिंतीचं तर याहून मजेदार. २३० मिलीमीटरच्या विटांच्या भिंतीवर बाहेरून पडलेल्या उन्हाची लाट आत पोचायला साधारण ६ ते ८ तास लागतात, शिवाय पोचेपर्यंत तिचा जोर बराच ओसरतो. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीने चारला खाल्लेलं ऊन आत येतं रात्री दहा-बाराला, म्हणूनच चारच्या हिशोबात भिंतीला उन्हाचा भार लावला नाही. बेडरूमला अशी भिंत असेल तर संध्याकाळी बाहेर गार वारा सुटला तरी खोली का उकडते याचं उत्तर इथे आहे, आणि दिवसाच वापर असलेल्या ऑफिसला तीच भिंत फायद्याची, कारण तिची लाट येईपर्यंत सगळे घरी गेलेले असतात. एकच भिंत, एकाला त्रास दुसऱ्याला सोय.

किती उष्णता साठते याचा अंदाज द्यायचा तर आपल्या खोलीतली सगळी हवा मिळून ७२ किलो भरते, आणि वरचा १५ सेंटीमीटरचा स्लॅब ७ टनांच्या वर, खरे वजनाचे टन. स्लॅबमध्ये दर डिग्रीला हवेच्या ८०-९० पट उष्णता मावते. म्हणून दिवसभर बंद राहिलेल्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी एसी लावला की हवा दहा मिनिटांत गार होते, पण बंद केला की लगेच पुन्हा गरम, लोकं म्हणतात गॅस संपला वाटतं. गॅस जागेवर असतो, एसी हवेला गार करतोय आणि वरून स्लॅब तिला तापवतोय.

हा उशीर हिशोबात कसा आणायचा यावर बरीच डोकी खपली आहेत. आधी तक्ते होते, भिंतीचा प्रकार, दिशा आणि तास बघायचा आणि त्या जागी तापमानाचा कोणता फरक धरायचा ते तयार मिळायचं, सीएलटीडी पद्धत. नंतर ॲशरे या अमेरिकन इंजिनिअर संस्थेने आरटीएस नावाची पद्धत आणली, तिच्यात दर तासाला शिरलेली उष्णता पुढच्या २४ तासांवर टक्क्यांनी वाटून देतात, हलक्या बांधकामात बहुतेक हिस्सा पहिल्या काही तासांत, भारी बांधकामात लांबवर पसरलेला. एक्सेलमध्ये बसते ती. आणि पूर्ण खोलात जायचं तर हीट बॅलन्स, प्रत्येक पृष्ठभागाचा प्रत्येक तासाचा जमाखर्च, एनर्जीप्लस सारखी सॉफ्टवेअर ते करतात, वर्षाचे ८७६० तास.

आता बाहेर ३८ हा आकडा कुठून आला? मनाने नाही घ्यायचा आणि आजवरचं विक्रमी तापमान तर अजिबात घ्यायचं नाही. हवामानाच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून असं तापमान काढतात की वर्षातल्या फक्त ०.४ टक्के तासांत त्याच्या वर पारा जातो, म्हणजे ८७६० पैकी ३५ तास. थोडी सूट दिली तर १ टक्का. थंडीसाठी उलटं, ९९.६ किंवा ९९ टक्के. त्या ३५ तासांत खोली एखाद-दोन डिग्री जास्त राहील, राहू दे, त्यासाठी वर्षभर मोठं धूड पोसण्यात अर्थ नाही.

पण लोकांना भीती वाटते ना. मग काय होतं, तापमान १० टक्के वाढवून धरलं, माणसं थोडी जास्त धरली, यंत्रांचं प्लेटवरचं घेतलं, शेवटच्या बेरजेवर सेफ्टी म्हणून आणखी १० टक्के, आणि दुकानात जे पुढचं मॉडेल मिळालं ते घेतलं. असे १० टक्के पाच वेळा एकावर एक चढले की १.६१ पट होतात. एकेक पाऊल बघितलं तर शहाणपणाचं वाटतं, सगळी मिळून दीडपटीच्या पुढे.

आणि मोठा एसी म्हणजे जास्त गारवा असंही नाही. साधा चालू-बंद होणारा मोठा एसी हवा पटकन गार करतो आणि थांबतो. कॉइल नीट थंड होऊन त्यावरून पाणी ओघळायला लागायला काही मिनिटं जातात, त्याआधीच हा बंद, आणि पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत. परिणाम, काटा २४ वर पण अंगाला चिकचिक, मग माणूस सेटिंग २१ वर नेतो आणि बिल वाढवून बसतो. इन्व्हर्टरवाले वेग कमी करू शकतात त्यामुळे तिथे हा त्रास कमी होतो, पण त्यांनाही खाली एक मर्यादा असते, त्याखाली तेही चालू-बंदच करतात.

मोठ्या इमारतीत आणखी एक चूक हमखास होते, प्रत्येक खोलीचा सर्वात जास्त लोड काढायचा आणि सगळ्यांची बेरीज मारायची. पूर्वेच्या खोल्यांचा लोड समजा सकाळी नऊला २० किलोवॅट आणि चारला ८, पश्चिमेचा नऊला ७ आणि चारला २२. सर्वात जास्तची बेरीज ४२ येते, पण इमारतीला एका वेळी प्रत्यक्षात लागतात ते नऊला २७ आणि चारला ३०. सगळ्या इमारतीला गारवा पुरवणाऱ्या मध्यवर्ती यंत्राला ३० पुरे, खोलीतल्या छोट्या यंत्रांना मात्र आपापले २० आणि २२ लागणारच. सूर्य एका वेळी एकाच बाजूला असतो एवढंच लक्षात ठेवायचंय.

हल्ली विचारतात की हे सगळं एआयकडून का नाही करून घ्यायचं. केलंय लोकांनी. २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो, त्यात एकाच घनफळाच्या पण वेगवेगळ्या आकारांच्या, दिशांच्या आणि काचेच्या ७६८ इमारती सॉफ्टवेअरमध्ये बनवल्या, प्रत्येकीची ८ वैशिष्ट्यं दिली आणि मशीनला हीटिंग आणि कूलिंग लोड ओळखायला लावले. रँडम फॉरेस्ट पद्धतीने, म्हणजे बरेच निर्णयवृक्ष बनवून त्यांच्या उत्तरांची सरासरी घ्यायची, छान उत्तरं आली, फक्त कूलिंगमधली सरासरी चूक हीटिंगच्या जवळजवळ तिप्पट. मला त्यात नवल वाटलं नाही, थंडीचा हिशोब मुळातच सरळ आणि उन्हाचा तासागणिक बदलणारा. आणि त्या ७६८ इमारती कुठे बांधलेल्या नव्हत्या हे विसरू नका, मशीन शिकलं ते सॉफ्टवेअरचं उत्तर ओळखायला. सॉफ्टवेअरमध्ये फटींचा अंदाज चुकला असेल तर मशीन तीच चूक मन लावून पाठ करणार.

त्यामुळे हिशोब हाताने करा, एक्सेलमध्ये करा नाहीतर सॉफ्टवेअरवर, आत घालायची माहिती तीच लागते. कुठल्या दिशेला किती काच आणि तिच्यावर सावली कधी असते, छत उघडं की वर मजला, भिंती कशाच्या, माणसं किती आणि कोणत्या वेळेला, ताजी हवा किती घेणार. आणि हातात रिपोर्ट आला की शेवटच्या टनाच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघा, सर्वात जास्त लोड कोणत्या महिन्यात किती वाजता आलाय, आणि त्यात दमटपणाचा वाटा किती. पश्चिमेला भरपूर काच असलेल्या खोलीचा लोड सकाळी दहाला सर्वात जास्त दाखवला असेल तर बेरीज कितीही नीटनेटकी असो, कोणीतरी दिशा उलटी टाकलीये.